वहिनीने पुन्हा वाकडं केलेलं दालन

आमची वहिनी लग्न होऊन घरात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने बैठकीच्या खोलीतल्या सगळ्या फ्रेमा सरळ केल्या. तोवर त्या वाकड्या आहेत हेच आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. आईला ते चांगलंच झोंबलं. "इतकी वर्षं आम्ही काय डोळे मिटून राहत होतो?" असं ती स्वयंपाकघरातून भांड्यांना ऐकवत होती. दादाने मात्र नव्या बायकोचं नाव ठेवून टाकलं, फूटपट्टी. त्याला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "चालेल. निदान फूटपट्टी खोटं बोलत नाही."

मी तिची नणंद. दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. माणूस दारातून आत आला की त्याची कुठली दाढ दुखतेय ते मला त्याच्या चालीवरून कळतं, असा माझा समज आहे. वहिनीच्या बाबतीत मात्र माझे सगळे अंदाज चुकले. मला वाटलं होतं, ही बाई शिस्तीची, चार वर्षांत थंड होईल. ती काही थंड झाली नाही.

तेव्हा ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. हाताने, शाईच्या पेनाने, उतरत्या टेबलावर. एक रेघ केसभर हलली तर उद्या कुणाचा तरी दरवाजा भिंतीला धडकणार, असं ते काम. पुढे कॉम्प्युटर आले, तो ती शिकली. मग ते ऑफिसच बंद पडलं. तिची बरोबरीची माणसं "आता आमचं वय झालं" म्हणत घरी बसली आणि ही बया चाळिशी ओलांडल्यावर अॅनिमेशनच्या वर्गात जाऊन बसली. वर्गातली पोरं पहिल्या दिवशी तिलाच शिकवणारी मॅडम समजून उभी राहिली होती. ही गोष्ट ती स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगते, त्यामुळे मी सांगितली तर चहाडी होत नाही.

तिथून ती एका स्टुडिओत लागली. स्टुडिओचे मालक घरात, दारात, बहुधा अंघोळीतही टोपी घालणारे. आम्ही त्यांना टोपीवाले म्हणतो. स्टुडिओचं मुख्य काम म्हणजे न बांधलेल्या इमारतींच्या जाहिराती. अजून पाया खणलेला नसतो आणि तुम्ही पडद्यावर चौदाव्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहून सूर्यास्त बघता. वहिनी त्यात पटाईत झाली. पण घरी येऊन म्हणायची, "दिवसभर सोफे ठेवत बसते मी. ज्यांच्यावर कुणी बसणार नाही असे सोफे."

मग संग्रहालयाचं काम आलं.

शहराच्या संग्रहालयात जुन्या एचिंगचा एक संच आहे. एचिंग म्हणजे काय ते मला वहिनीने ताटलीवर नखाने रेघा ओढून समजावलं होतं. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र ओरखडायचं, मग पत्रा तेजाबात बुडवायचा. जिथे मेण खरवडलं गेलंय तिथे तेजाब तांबं खातं. त्या खाचांत शाई भरायची आणि कागद दाबून छाप उठवायचा. या संचात एका जुन्या चित्रकाराने मोठमोठी दालनं काढली आहेत. पोटात घर मावेल अशा कमानी, कुठे जातात ते न कळणारे जिने, पूल, आणि त्या सगळ्यात मुंगीएवढी माणसं. दालनं सगळी त्याच्या मनातली, अशी इमारत कुठेच नव्हती. संग्रहालयाला हवं होतं असं, की त्यांच्या गोल खोलीच्या भिंतींवर आणि जमिनीवर हे चित्र हलतं व्हावं आणि बघणारा त्याच्या आत जाऊन उभा राहावा. सुरुवातीला एकच चित्र. ते समितीला दाखवायचं. आवडलं तर पुढचा सगळा संच, नाही तर गोल खोलीत पुन्हा खुर्च्यांचं गोदाम.

टोपीवाल्यांनी ते काम वहिनीला दिलं. स्टुडिओतल्या दोन तरण्या पोरांना डावलून दिलं, हे विशेष. त्या दिवशी घरी आल्यावर वहिनी पंख्याखाली बसून राहिली. मी विचारलं, "काय गं, आनंद झाला नाही का?"

"झाला ना. म्हणून तर भीती वाटतेय," ती म्हणाली. "वन्सं, हे फसलं तर मला परत कुणी असं काम देणार नाही. या वयात एकदाच विचारतात. मग आयुष्यभर सोफे."

वन्सं ती मला फक्त दोन वेळा म्हणते, खोडी काढताना आणि घाबरलेली असताना. त्या दिवशी खोडी नव्हती.

ती कामाला लागली ती अशी, की आईलाही तिची दया यायला लागली. चित्रातल्या एकेका खांबाची, कमानीची, पायरीची मापं घेऊन ती ते दालन कॉम्प्युटरात उभं करत होती. आणि रोज जेवताना त्या जुन्या चित्रकाराचा उद्धार. "याला परस्पेक्टिव्ह येतच नव्हतं! आपण सरळ रस्त्यावर उभे असलो तर दोन्ही बाजूंच्या भिंती लांबवर एका बिंदूला जाऊन मिळतात ना? याच्या मिळतच नाहीत. या कमानीच्या रेघा एकीकडे पळतायत, पलीकडच्या कमानीच्या भलतीकडेच. नुसता गोंधळ."

"मग?" दादाने विचारलं.

"मग काय, सरळ करतेय."

आता सांगा, फूटपट्टीच्या हाती वाकडं दालन दिल्यावर दुसरं काय होणार होतं? तिने महिनोन् महिने बसून त्याचा प्रत्येक खांब ओळंब्यात आणला. सगळ्या रेघा एका बिंदूला नेऊन बांधल्या. स्टुडिओतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. टोपीवाल्यांनी टोपी काढून पुन्हा घातली, आणि त्यांच्यात हा सर्वोच्च सन्मान समजतात.

मग संग्रहालयातल्या छापचित्रं सांभाळणाऱ्या बाई ते बघायला आल्या. त्यांना वहिनी हातमोजेवाल्या बाई म्हणायची, कारण त्या जुन्या कागदांना मोज्यांशिवाय हात लावत नाहीत आणि लावू देत नाहीत. त्यांनी सगळं शांतपणे बघितलं. शेवटी म्हणाल्या, "चूक काहीच नाही. पण मूळ चित्र बघताना माझ्या पोटात खड्डा पडतो. इथे मला वाटलं, फ्लॅट बघायला आलेय. आता कुणीतरी येऊन पार्किंग दाखवेल."

वहिनीच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या म्हणता! ती म्हणाली, "तुमच्या चित्रकाराला साध्या रेघा जुळवता येत नव्हत्या. मी त्याच्या चुका दुरुस्त केल्यात."

"चुका आहेत असं तुमचं म्हणणं," बाई म्हणाल्या. "दाखवा मग मला. एकूण एक."

घरी आल्यावर वहिनी जेवली नाही. म्हणजे आधी रागाने जेवली नाही आणि मग जेवली. जेवता जेवता तिने ठरवलं, की त्या बाईला रेघन् रेघ पुराव्यानिशी दाखवायची. पुढच्या रविवारी दुपारी तिने बैठकीतलं टेबल, खुर्च्या, दादा, सगळं बाहेर काढलं आणि जमिनीवर पुठ्ठे अंथरून त्यावर त्या चित्राची भलीमोठी प्रत पसरली. आईच्या शिवणाच्या डब्यातले दोरे आणि टाचण्या घेतल्या. एका कमानीच्या सगळ्या मागे पळणाऱ्या रेघांवरून दोरे ताणत न्यायचे आणि ते जिथे एकमेकांना भेटतील तिथे टाचणी टोचायची. एका कमानीला लाल दोरा, पुढच्या खांबांना निळा, त्यापुढच्या भिंतीला हिरवा. मी दोरे धरायला होते. आई दारात उभी राहून आपला दोरा संपतोय हे बघत होती.

"बघ," वहिनी पहिली टाचणी टोचून म्हणाली, "लाल इथे मिळाले. आता निळे इथेच मिळायला हवेत. मिळाले का? नाही! थोडे उजवीकडे. ही झाली चूक." तिचा चेहरा असा खुलला होता की जसा काही चोर रंगेहाथ सापडलाय. हिरवे आणखी उजवीकडे मिळाले. "दुसरी चूक!" पिवळे त्याच्याही उजवीकडे. माझे गुडघे बोलायला लागले होते, पण तिसरी चूक, चौथी चूक करत ती पुढे सरकत होती. जिन्याजवळ आल्यावर टाचण्या वर चढायला लागल्या. एक थोडी वर, पुढची अजून वर.

आणि ती थांबली.

मला वाटलं, दोरा संपला. ती टाचण्यांकडे बघत राहिली. मग हात पुढे करून आईच्या डब्यातलं एक काळं बटण घेतलं आणि डावीकडे, चित्रातल्या दाराजवळच्या पहिल्या टाचणीवर ठेवलं. तिथून दुसरीवर सरकवलं. मग तिसरीवर. बटण एका उंचीवरून, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून, दालनातून उजवीकडे गेलं. जिन्यापाशी पोचलं. मग टाचणी टाचणीने जिना चढलं आणि वरच्या सज्जात जाऊन थांबलं.

"अगं," वहिनी म्हणाली. मग पुन्हा, "अगं बाई!"

"काय झालं?" आई म्हणाली. "टोचली का?"

"आई, तो चालतोय." वहिनी मांडी घालून त्या कागदावरच बसली. "रेघा जिथे मिळतात ना, त्या बिंदूच्या बरोबर समोर बघणाऱ्याचा डोळा असतो. मी समजत होते त्याला एका जागी उभं राहून नीट काढता येत नाही. तो एका जागी उभाच नाहीये! दारातून आत आला, इथे थांबला, एवढी कमान काढली. पुढे गेला, थांबला, खांब काढले. जिना चढला आणि वरून उरलेलं काढलं. मनातल्या मनात तो त्या दालनातून चालत गेला आणि त्याने सगळी चाल एका कागदावर काढून ठेवली. आणि मी..." तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी गाढवीने त्याला पहिल्या टाचणीला बांधून ठेवलं."

मला त्या परस्पेक्टिव्हमधलं फार काही कळलं नव्हतं, पण तिचं तोंड बघून हातातले दोरे मी आणखी घट्ट धरले. आई म्हणाली, "बरं मग आता हे दोरे काढू का?" आणि वहिनी अशी काही ओरडली, "हात लावू नका!" की दादा गॅलरीतून आत धावत आला. दोरे चांगले आठवडाभर तसेच राहिले. आम्ही सगळे भिंतीला पाठ घासत स्वयंपाकघरात जात होतो.

समितीला दाखवायचा दिवस तोवर जवळ आला होता. वहिनीने टोपीवाल्यांना सांगितलं की केलेलं सगळं टाकून द्यायचं आहे. टोपीवाले खुर्चीत बसले. "मॅडम, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागताय. आहे त्याला जरा सावल्या वाढवू, एखादं कबूतर उडवू. समितीतल्या लोकांना काय कळतंय!"

"मला कळतंय," वहिनी म्हणाली. "मीच सरळ केलंय, मीच वाकडं करणार."

"फसलं तर तुमच्या नावावर."

"माझ्याच नावावर लिहा."

हे सगळं तिने घरी येऊन एका दमात सांगितलं. दादा एरवी तिची टिंगल करायची संधी सोडत नाही, पण त्याने गुपचूप उठून तिला पाणी आणून दिलं.

आता ते दालन असं झालं, की तुम्ही जसे पुढे जाल तसं ते स्वतःला वळवून घेई. पहिल्या जागी उभे असाल तर पहिली कमान चित्राबरहुकूम, पुढच्या जागी गेलात की खांब आपले खांदे फिरवून चित्रात होते तसे उभे. हे बोलायला सोपं. पहिल्यांदा तिने आम्हाला गोल खोलीत नेऊन ते दाखवलं तेव्हा दादा निम्म्यातून तोंडावर हात धरून बाहेर पळाला. एका जागेवरून दुसरीकडे जाताना सगळ्या भिंती अंगावर कलंडत होत्या. भिंतींवरच्या बारीक रेघांचं तर विचारू नका. कॉम्प्युटरने काढलेल्या त्या रेघा आपण हललो की वारुळ फुटल्यासारख्या वळवळायच्या.

"उलटी येणारं अॅनिमेशन," दादा बाहेर बाकावर बसून म्हणाला. "तिकिटाबरोबर पिशवी द्या."

वहिनी हसली नाही. ती त्याच्याकडे बघून विचार करत होती. मग म्हणाली, "अहो, तुम्ही आता काय केलंत? चालत बाहेर आलात आणि बसलात. बसल्यावर बरं वाटलं. तोही थांबत असणार. हातात पाटी आणि कागद घेऊन माणूस चालता चालता कसा काढेल? थांबल्यावरच काढेल!"

तिथून तिने सगळा वेग बदलला. आता दालनच तुम्हाला चार पावलं पुढे नेणार आणि थांबणार. चालताना नुसते कमानींचे फिकट आकार, डोळ्यांना त्रास नाही. थांबलात की रेघा उमटायला लागतात, सुईने ओरखडाव्यात तशा, एकेक. तुमच्या डोळ्यांसमोर खांब काळा होत जातो, सावली भरते, भिंत घट्ट होते. भरून झालं की मगच पुढे. आणि त्या रेघा तिने कॉम्प्युटरवर सोडल्या नाहीत, हाताने ओढल्या. माळ्यावरून आपली जुनी शाईची पेनं काढली, निबं गरम पाण्यात भिजवली आणि एकेका दगडाच्या रेघा कागदावर ओढून स्टुडिओत नेल्या. दवाखान्यातून मी घरी यायचे तर जेवणाच्या टेबलावर वाळत घातलेले रेघांचे कागद. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. पण खरं सांगते, त्या दिवसांत घरात जी धमाल होती ती आमच्या घरी लग्नकार्यातही नव्हती. आई जाता येता रेघा बघून म्हणायची, "ही जरा पातळ वाटतेय गं," आणि वहिनी बघायची, तर ती खरंच पातळ असायची.

समितीचा दिवस सकाळचा. वहिनीने आम्हाला मागच्या बाजूला उभं राहायची परवानगी काढली होती. समितीचे अध्यक्ष एक रिटायर झालेले सर्जन होते. आल्या आल्या म्हणाले, "मला साडेअकराला निघायचंय," आणि मनगट वर करून घड्याळ सगळ्यांना दाखवलं. बाकीची मंडळी बाकांवर बसली. टोपीवाले दाराजवळ उभे राहिले, गरज पडली तर पळायला बरं म्हणून असेल. वहिनी मध्यभागी, हात मागे बांधून. मला तिची मान दिसत होती. ती इतकी ताठ होती की मला रडू आलं.

दिवे गेले. पायाखालची फरशी फिकट झाली आणि आम्ही एका प्रचंड दाराच्या आत उभे होतो. समोर काहीच नव्हतं, नुसता कागदाचा रंग. मग एक रेघ आली. तिच्या शेजारी दुसरी. आणि बघता बघता डोक्यावरून एक कमान चढत गेली, इतकी उंच की समितीतल्या एका बाईंनी मान मागे टाकली आणि त्यांचा चष्मा घसरून मांडीवर पडला. कमान भरली. सावल्या भरल्या. मग दालन हललं, आम्हाला पुढे न्यायला लागलं. खांब वळले. मी किती वेळा ते बघितलं होतं, तरी माझ्या पोटात असा खड्डा पडला की मी दादाचा दंड पकडला.

पुढचं थांबणं आलं, रेघा यायला लागल्या आणि बाकांवर कुणी उरलं नाही. चला असं कुणी म्हणालं नव्हतं. माणसं आपोआप उठून दालनाबरोबर पुढे पुढे सरकत होती, थांबण्याच्या जागी थांबत होती. जिना सुरू झाला तेव्हा सपाट जमिनीवर अध्यक्षांनी पाय उचलला, पायरीसाठी उचलतात तेवढा. पाय खाली आला, धडपडले, आणि हसायला लागले, मोठ्याने, लहान मुलासारखे. आम्ही सज्जात पोचलो. खाली सगळं दालन पसरलेलं, ज्या ज्या जागी आपण थांबलो होतो त्या त्या जागी एकेक मुंगीएवढा माणूस. शेवटची रेघ ओढली गेली आणि सगळं स्थिर झालं. ते मूळ चित्र होतं, जसंच्या तसं, एकही रेघ न सुधारलेलं.

हातमोजेवाल्या बाई भिंतीला टेकून रडत होत्या. "तीस वर्षं मी हे चित्र सांभाळतेय," त्या वहिनीला म्हणाल्या, "आणि आज त्याच्याबरोबर गेले."

दिवे लागले. घड्याळात साडेअकरा कधीच वाजून गेले होते. अध्यक्ष म्हणाले, "पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. दुसऱ्यांदाही ते जिन्यावर धडपडले आणि दुसऱ्यांदाही हसले. संपल्यावर त्यांनी समितीतल्या लोकांकडे बघितलं. सगळ्या माना एकदमच हलल्या. मग ते म्हणाले, "हे कुणी केलं?"

टोपीवाले दारातून पुढे झाले. घसा खाकरून म्हणाले, "आमच्या स्टुडिओची एकूण कार्यपद्धती अशी आहे की..."

"मी केलं," वहिनी म्हणाली.

एवढ्या मोठ्याने की गोल खोलीत ते सगळीकडून ऐकू आलं. अध्यक्ष तिच्याकडे वळले. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. पांढरे झालेले केस, बोटांवरची शाई, आईने घाईत इस्त्री केलेली साडी.

"संचात आणखी बरीच चित्रं आहेत," ते म्हणाले. "तुम्हाला त्यातली कुठली करायला आवडतील?"

"सगळी," वहिनी म्हणाली.

आई माझ्या कानात पुटपुटली, "निदान थोडी तरी कमी सांगायची ना," पण तोवर अध्यक्ष "ठरलं" म्हणून गेले होते आणि वहिनी वळून आमच्याकडे बघत होती. दादाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग मी. मग सगळेच.